सिग्नलला बंद पडणारी जुनी ८००

प्रश्न : बाबांची १९९७ची कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) मारुती ८०० आहे, हायवेला मस्त पळते पण सिग्नलला थांबलं की मिसिंग करते, थरथरते, कधीकधी बंदच पडते. चोक (हवा कमी करणारी झडप) थोडा ओढला की लगेच शांत. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.२ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) १३०० पीपीएम आलं. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटरच बदला. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : एवढ्यात बदलू नका. अर्धं उत्तर तुमच्या पीयूसीच्या पावतीतच आहे. सीओ इतका कमी म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि मिश्रण इतकं पातळ झालंय की अधूनमधून पेटतच नाही, ते न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं म्हणून एचसी वर. चोक ओढल्यावर मिश्रण जाड होतं आणि गाडी सुधारते, म्हणजे इंजिन लीन (पातळ मिश्रणावर) चालतंय हे जवळपास पक्कं. तीनच सिलिंडर असल्यामुळे एक मिस झाला तरी सगळी गाडी हलते.

मग हायवेला का जाणवत नाही? आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) थ्रॉटल म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप बंद असते, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना मिश्रण नेणारी नळी) व्हॅक्यूम जोरात असतो आणि इंजिनला लागणारी हवा अगदी थोडी, त्यामुळे एखाद्या तडकलेल्या पाईपमधून चोरून आलेली हवासुद्धा मिश्रण बिघडवते. रेस दिली की तेवढी हवा त्यात खपून जाते.

म्हणून आधी एअर कुठून घेतेय ते शोधा. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डला जाणारे रबरी पाईप एकेक करून चिमट्यात दाबा : डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूम ॲडव्हान्स, पीसीव्ही (इंजिनातल्या वाफा परत ओढणारा व्हॉल्व्ह), आणि ब्रेकला बूस्टर असेल तर त्याचाही. ज्याला दाबल्यावर आयडलिंग सुधारेल तो दोषी. मग कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटवर आणि मॅनिफोल्डच्या जोडावर स्प्रे बाटलीने थोडं पाणी मारा, डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल सोडून, आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच. काही जण इथे पेट्रोल शिंपडतात, ते कृपा करून करू नका, गरम इंजिनावर भडका उडायला वेळ लागत नाही.

कुठेच गळती नाही? मग कार्बोरेटरमधला पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारी बारीक नळी) काढून साफ करून घ्या, त्याचं भोक इतकं बारीक असतं की जरासा कचरा पुरतो.

आणखी एक गोष्ट, हल्ली पंपावर मिळतं ते इ२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल. इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे १४.७ला १ हे हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेतेराच्या आसपास यायला हवं, पण कार्बोरेटरला ते आपोआप कळत नाही, वर जुनं रबरही त्याने लवकर खराब होतं. पेट्रोलचे पाईपसुद्धा बघून घ्याच.

कार्बोरेटरच्या मिक्स्चर स्क्रूला (आयडलिंगचं मिश्रण जाड-पातळ करणारा) हात शेवटी. इंजिन पूर्ण गरम करून पाव पाव आटा बाहेर फिरवा, आयडलिंग जिथे सगळ्यात स्थिर होईल तिथे थांबा आणि पुन्हा पीयूसी काढा, तुमच्या मॉडेलला सीओ ३ टक्क्यांपर्यंत चालतो.