रबर आणि उष्णता: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या गोल कड्या) १२० अंश सेल्सिअसपर्यंत चालतात असं कॅटलॉगमध्ये लिहिलं आहे. आमच्या हायड्रॉलिक पंपाचं तेल ११० अंशांच्या वर जात नाही. तरी काही महिन्यांत रिंगा कडक होऊन गळती सुरू झाली. माल खोटा निघाला का?

माल तपासून घ्याच, पण आधी तो १२०चा आकडा पारखा. हे तापमान किती तास सोसायचं, हे त्यात लिहिलेलं नाही आणि सगळी मेख तिथेच आहे. नायट्राइल सतत वापरायला साधारण १०० अंशांचं रबर. १२० अंश ते थोडा वेळ सहन करतं, कायम नाही. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की झिजवणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे ११० अंशांना आयुष्य निम्म्यावर आलं.

काढलेली एक रिंग आडवी कापून बघा. गोल असायला हवा तो छेद दोन्ही बाजूंनी चपटा दिसेल. रबराच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे गंधकाचे दुवे उष्णतेने तुटतात आणि पुन्हा जुळतात, पण जुळतात ते दाबलेल्या आकारात. त्यातच ऑक्सिजनमुळे नवे दुवे तयार होतात आणि रबर कडक होतं. मग रिंग उलटा दाब देतच नाही, आणि सील टिकतो तो त्या उलट्या दाबावर. म्हणून पुरवठादाराला कमाल तापमान विचारू नका, ‘कॉम्प्रेशन सेट’ विचारा. या चाचणीत नमुना सहसा २५ टक्के दाबून ठरावीक तास भट्टीत ठेवतात आणि सोडल्यावर ३० मिनिटांनी तो किती चपटा राहिला ते मोजतात. तुमच्या तापमानाला, जास्त तासांचा आकडा मागून घ्या. ११० अंश कायमच राहणार असतील, तर हायड्रोजनेटेड नायट्राइल घ्या, म्हणजे नायट्राइलचाच जास्त उष्णता सोसणारा प्रकार, आणि तेही साखळ्या गंधकाऐवजी पेरॉक्साइडने बांधून पक्कं केलेलं. ते १५० अंशांच्या आसपास टिकतं.

प्रश्न: काही रबरं तापून कडक होतात, काही चिकट होतात. असं का?

साखळ्या तुटणं आणि नवे दुवे बनणं, दोन्ही एकाच वेळी चालू असतं. नैसर्गिक आणि ब्यूटाइल रबरात तुटणं वरचढ ठरतं, म्हणून ती मऊ, चिकट होतात. नायट्राइल आणि स्टायरीन-ब्यूटाडाइन रबरात जुळणं वरचढ, म्हणून ती कडक होऊन तडकतात.

प्रश्न: कार्बन ब्लॅकचं (रबरात मिसळायच्या काजळीसारख्या पुडीचं) प्रमाण वाढवलं तर रबर जास्त उष्णता सोसेल का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. कार्बन ब्लॅक रबराला बळकटी देतो, पण ती बळकटी खोलीच्या तापमानाला मोजलेली असते. तेच मिश्रण १५० अंशांना ताणून बघितलं तर ताणशक्ती निम्म्याहूनही खाली गेलेली आढळू शकते. उष्णता किती सोसायची हे मूळ रबर, दुव्यांची जात आणि अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनपासून रबराला वाचवणारं रसायन) ठरवतात.

शिवाय सतत दबणाऱ्या भागात कार्बन ब्लॅकचा भरणा वाढवला की उलटंच होतं. कार्बनच्या कणांचं जाळं दर फेरीला मोडतं, जुळतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. रबर उष्णतेचं इतकं मंद वाहक आहे, की ती आतच कोंडते. भरीव टायर बाहेरून धडधाकट दिसतो आणि गाभ्यात करपलेला असतो.

प्रश्न: गरम क्लिंकर (सिमेंटच्या भट्टीतून निघणारे खडे) वाहणाऱ्या आमच्या कन्व्हेयर बेल्टचं वरचं रबर शाबूत आहे, पण आतले कापडाचे थर सुटले. असं कसं?

वरचं आवरण आणि आतलं कापड यांना धरून ठेवणारा जोडच बहुतेक वेळा आधी हार मानतो. आवरण ईपीडीएमचं, म्हणजे उष्णता चांगली सोसणाऱ्या कृत्रिम रबराचं, असलं तरी उष्णता हळूहळू खाली उतरते आणि चिकटवण्याचा थर कमजोर करते. नायलॉन वितळतं प्रकारानुसार साधारण २२० ते २६० अंशांना, पण आकसायला आणि ताकद गमावायला त्याच्या कितीतरी आधी लागतं. बेल्ट मागवताना उष्णतेत जुना केल्यानंतरची थरांची पकड किती, हे लेखी घ्या. आणि गरम माल वर असताना बेल्ट कधीही थांबवून ठेवू नका. एकाच जागी बसलेला माल आवरणातून थेट कापडापर्यंत पोचतो.

प्रश्न: सिलिकॉन २०० अंशांना चालतं, मग १६० अंशांच्या वाफेला लावू का?

लावू नका. २०० अंश हा कोरड्या, मोकळ्या हवेतला आकडा आहे. दाबाखालची वाफ सिलिकॉनच्या साखळीचाच कणा तोडते. इथे पेरॉक्साइडने पक्कं केलेलं ईपीडीएम वापरा, पण त्याला खनिज तेल लागू देऊ नका, ते फुगतं.

प्रश्न: आग लागलेल्या यंत्रातले फ्लोरोरबरचे (फ्लोरीन असलेल्या रबराचे) सील वितळून करपले आहेत. खरवडून काढले तर चालतील का?

उघड्या हाताने अजिबात नाही. फ्लोरोरबर जळताना हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडतो आणि त्याचं आम्ल करपलेल्या अवशेषांवर राहू शकतं. ते कातडीतून आत शिरतं आणि वेदना कधीकधी काही तासांनी सुरू होते, म्हणून ‘काही झालं नाही’ असं समजून थांबू नका. आम्लरोधक हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय जवळ जाऊ नका. स्पर्श झालाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळा, थेट रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना हायड्रोफ्लोरिक आम्ल असं नाव घेऊन सांगा.