कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक रहस्य

तुझा प्रश्न वाचला. नालासोपाऱ्यात घर, तुझं ऑफिस अंधेरीला, नवऱ्याची शिफ्ट, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार. माहेरी रोज रोजरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची मारियामातेची प्रार्थना, व्हायची आणि आता माळ खिळ्याला लटकलेली आहे, धूळ पुसण्यापुरती हातात येते, असं तू लिहिलंयस. वेळ नसलेल्या घरासाठी पुस्तकं, ॲप, शिबिरं असं काय असेल ते सुचवा म्हणालीस. माझी सून तुझ्याच वयाची, म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

तुला हवी तशी यादी माझ्याकडेही होती. वसईहून चर्चगेटला बँकेत सत्तावीस वर्षं ये-जा केली. मुलं लहान असताना एका प्रदर्शनातून मी पिशवीभर पुस्तकं आणली: संतांची चरित्रं, मुलांचं बायबल, चित्रं रंगवायच्या वह्या. ती माळ्यावर गेली आणि दोन पावसाळ्यांत त्यांना कसर लागली. मग मी ठरवलं की पुस्तकं राहू देत, रोजरी तरी झालीच पाहिजे, पाचही रहस्यं (येशूच्या आणि मारियामातेच्या आयुष्यातल्या प्रसंगांवरचे भाग), रात्री साडेनऊला, सगळ्यांनी गुडघ्यावर. धाकटा तिसऱ्या रहस्यात भिंतीला टेकून झोपायचा आणि मी नमो मरिया म्हणता म्हणता त्याला चिमटा काढायचे. एकदा डोळे चोळत तो म्हणाला, "आई, मारियामातेला पण झोप येत असेल ना?" नवरा हसला, मी चिडले आणि त्या रात्रीची प्रार्थना रडारडीत संपली.

मार्ग काढला सासूबाईंनी. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या. दादरला जाणारा मोगरा ओवताना आणि तांदूळ निवडताना त्यांची माळ व्हायची, तिच्यासाठी म्हणून त्या वेगळ्या कधी बसल्याच नाहीत. आमच्या गावात आंजेलुसची, म्हणजे मारियामातेच्या प्रार्थनेची, संध्याकाळची घंटा सातला होते, तेव्हा मी गाडीत भाईंदरच्या पुलावर लोंबकळत असायचे. त्या म्हणाल्या, "घंटा ऐकायला मी आहे ना घरी. मुलांना मी उभं करीन. तू आलीस की एकच रहस्य म्हण, कुकर लावून."

तेव्हापासून आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या हेच घड्याळ. एक 'आमच्या बापा', दहा नमो मरिया आणि एक गौरव यांना तीन-चार मिनिटं लागतात. शिट्ट्या आधी झाल्या तर गॅस बंद करून उरलेलं म्हणायचं. कोणी गुडघ्यावर नाही, कोणी कांदा चिरतोय, कोणी ओट्यावर पाय हलवत बसलाय. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचं, बुधवारी आणि रविवारी गौरवाचं, गुरुवारी प्रकाशाचं. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२च्या ऑक्टोबरमध्ये जोडली आणि त्यावरून आमच्या घरात भांडण पेटलं. सासूबाईंच्या हिशेबी गुरुवार आनंदाचाच, त्यांचा जन्म त्यात गेलेला. माझी मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गातून नवं शिकून आलेली, ती आजीला दर गुरुवारी दुरुस्त करायची. म्हातारी मुद्दाम चुकत होती असा मला दाट संशय आहे. पण त्या भांडणामुळे मुलांना वीसच्या वीस रहस्यं तोंडपाठ झाली.

रोजरी पाच रहस्यांची असते, एक म्हटलं तर पाप नाही का, असं तुझ्या माहेरचं कोणी विचारेल. नाही. रोजरी ही भक्ती आहे, रविवारच्या मिस्सासारखं, चर्चमधल्या उपासनेसारखं, बंधन नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये कुटुंबाला 'घरातलं चर्च' म्हटलं. पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरच्या २०१६च्या पत्रात लिहिलंय की रोज काही मिनिटं तरी एकत्र देवासमोर यावं. त्यांनी मिनिटं म्हटलंय, तर आपण तास कशाला मागायचा?

तुझ्याकडे सासूबाई नाहीत हे लिहिलंयस. शेजारची आजी, पाळणाघरातली बाई, मुलीची धर्ममाता, यातलं कोणी आहे का बघ. धर्ममातेला आपण बाप्तिस्म्याच्या फोटोत उभी करतो आणि विसरतो. मुलीच्या बाप्तिस्म्याची तारीख कॅलेंडरवर लिही आणि त्या दिवशी धर्ममातेला जेवायला बोलव. आणखी एक, फुकटचं. बाप्तिस्म्यात फादरांनी बाळाच्या कपाळावर क्रूस काढला, त्यांच्यामागून तुम्ही दोघांनीही काढला होता. तो पुन्हा काढायला कोणाची परवानगी लागत नाही. सकाळी गाडी पकडायला दार ओढताना अंगठ्याने दोघांच्या कपाळावर काढ. शिफ्टमुळे नवरा मुलांना झोपलेलीच बघत असेल, तर त्याने झोपेतल्या कपाळावर काढावा. माझा नवरा प्रार्थनेत कधी पुढे नव्हता, 'देव मनात असतो' म्हणणारा, पण पहाटे वाडीत जाण्याआधी हे मात्र करायचा. मुलगा आता दुबईला असतो. सुट्टीवर आला की वडिलांपुढे कपाळ करतो. मोठा बाप्या, हसू येतं बघून.

आता रविवार. शिफ्टवाल्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही: शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. चर्चच्या कायद्यातच तसं आहे, कलम १२४८, आदल्या संध्याकाळची किंवा त्या दिवसाची, कुठल्याही कॅथलिक चर्चमधली मिस्सा चालते. म्हणजे अंधेरीहून येताना वाटेतल्या चर्चमध्ये उतरता येतं. शक्य असेल तेव्हा मात्र चौघं मिळून आपल्याच धर्मग्रामात, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, जा, कारण मुलांना मिस्साइतकंच मिस्सानंतरचं पटांगण लागतं.

आणि मिस्साला कोरडं जाऊ नका. रविवारच्या शुभवर्तमानाची तीन वर्षांची फेरी असते, एक वर्ष मुख्यतः मत्तय, एक मार्क, एक लूक. चालू वर्ष कोणतं ते विचारून घे आणि शुक्रवारी रात्री तो उतारा मुलीकडून मोठ्याने वाचून घे. समजावून सांगायला जाऊ नकोस, तिथेच आपण माती खातो. एकच प्रश्न विचार: यातलं कोण तुला आवडलं? माझ्या मुलीला उधळ्या पुत्राच्या गोष्टीत कापलेलं वासरू आवडलं होतं, बिचाऱ्याचा काय दोष म्हणून. रविवारी प्रवचनात ती गोष्ट निघाली तेव्हा ती ताठ बसली, फादर वासराबद्दल काय बोलतात ते ऐकायला.

त्यासाठी बायबल घेताना अनुक्रमणिका बघून घे. मराठीत सहज मिळणाऱ्या प्रती बहुतेक सहासष्ट पुस्तकांच्या असतात, आपल्या बायबलात त्र्याहत्तर. तोबीत, यहूदीथ, मक्काबी दिसले की समज. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेला मराठी अनुवाद वाचायला सोपा आहे, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. 'सुवार्ता' मासिक त्यांनीच कितीतरी वर्षं सांभाळलं, ते घरी सुरू कर. मासिकाचा फायदा असा की ते बाथरूमच्या बाहेरच्या स्टुलावर पडून राहतं आणि कोणीतरी चाळतंच. ॲपचं म्हणशील तर रोजची वाचनं देणारी बरीच आहेत, पण बहुतेक इंग्रजीत. गाडीत खिडकी मिळाली तर तुझ्यासाठी ठीक. मुलांच्या हातात प्रार्थनेसाठी म्हणून फोन देऊ नकोस, चौथ्या मिनिटाला तिथे कार्टून असतं. आणि ते 'ही प्रार्थना अकरा जणांना पाठवा, नाहीतर' वाले निरोप? पुसून टाक. मारियामाता कोणाला धमक्या देत नाही.

मला विचारशील तर सगळ्यात मोठं साधन चर्चचं वर्ष. आपल्या किनाऱ्यावर ते हवेबरोबर चालतं, त्यामुळे वेगळा वेळ काढावा लागत नाही. नाताळच्या दहा दिवस आधी करवंट्यांत नाचणी पेर, गोठ्याला हिरवळ होते. पाणी घालायचं काम चार वर्षांच्या मुलाला दे. आगमनकाळ म्हणजे वाट बघणं हे त्याला कोंब बघून कळेल. बाळ येशूला मात्र चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत गोठ्यात ठेवायचं नाही, आमच्याकडे तो डाळीच्या डब्यात लपवलेला असायचा. उपवासकाळात आपली पंचाईत अशी की शुक्रवारी मांस नाही म्हणून आपण पापलेट तळतो आणि त्याला त्याग म्हणतो! तुझ्या मुलांवर तर तेही बंधन नाही, ते चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर. एक बरणी ठेव. वडापाव, आइस्क्रीम, जे टाळलं त्याचे पैसे तिच्यात. ईस्टरच्या आधी ते कोणाला द्यायचे ते मुलांनी ठरवायचं, आणि द्यायला मुलांनीच जायचं. धर्मग्रामात व्हिन्सेंट दी पॉल संस्थेची माणसं असतील तर ती गरजू घर दाखवतील. माझी मुलगी पहिल्यांदा अशा घरी गेली तेव्हा परत येताना संपूर्ण रस्ता गप्प होती. तिला मी काही विचारलं नाही.

मे महिन्यात वसईत गल्लोगल्ली क्रुसाजवळ माळ होते. सुट्टीत मुलांना आठवडाभर गावी पाठव, चणे-शेंगदाण्यांसाठी का होईना, जातात. माझी नणंद सावंतवाडीकडे दिलेली. तिकडे लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, असते, शेजारचे हिंदूही येऊन उभे राहतात, प्रसाद घेतात. अर्नाळ्याची एक मैत्रीण सांगायची की नवरा समुद्रावर असला की तिच्या घरची प्रार्थना लांब, आणि एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असताना तो घरात असला की आखूड. तिला त्याचं वाईट वाटायचं. मला वाटतं, तो किनाऱ्याला सुखरूप असण्याची ती प्रार्थना आधीच ऐकली गेलेली असायची.

संतांच्या गोष्टींपैकी दोनच सांगते. एक आपल्याच गावचा गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मला, बाप पोर्तुगीज आणि आई इथली. जपानात व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तो होता. १८६२मध्ये संत झाला. मुलांना एखाद्या रविवारी वसईच्या किल्ल्यात ने, पडक्या चर्चमध्ये उभं कर आणि तिथे सांग. पुस्तकापेक्षा तो दगड लक्षात राहतो. दुसरी तुझ्यासाठी, झेली मार्टिन, संत लहान तेरेजाची आई. फ्रान्समध्ये लेस विणून घ्यायचा तिचा स्वतःचा धंदा होता, हाताखाली बायका, ऑर्डरी, वेळेवर माल. नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. नवरा घड्याळजी. दोघं पहाटे साडेपाचच्या मिस्साला जायची. २०१५मध्ये दोघांना एकाच दिवशी संत घोषित केलं. तिची पत्रं वाचली तर कळतं, ती किती दमलेली असायची. मला साडेपाचच्या मिस्साहून ते दमणं जवळचं वाटतं.

शिबिरांबद्दल फार लिहीत नाही. उन्हाळ्यातलं मुलांचं शिबिर जरूर पाठव. तुम्हा दोघांचं दाम्पत्य शिबिर मुलगा थोडा मोठा झाल्यावर, आता गेलात तर तिथे झोपाल.

मुलगी नऊची म्हणजे प्रथम कम्युनियन, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं, यंदा किंवा पुढच्या वर्षी असेल. पांढऱ्या फ्रॉकच्या, हॉलच्या आणि केकच्या आधी एक कर: तिच्या पहिल्या कुमसाराच्या, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या, दिवशी रांगेत तूही उभी राहा, तिच्या पुढे. मी माझ्या मुलीच्या वेळी बाहेर बाकावर पर्स सांभाळत बसले होते. तिने बाहेर आल्यावर विचारलं, "तुझं झालं?" मी म्हटलं, मोठ्यांचं वेगळं असतं. त्यानंतर अकरा वर्षांनी मी गेले, त्याची गोष्ट मोठी आहे, पुन्हा कधीतरी.

आज रात्री भात लावशीलच. माळ खिळ्यावरून काढून मसाल्याच्या डब्याशेजारी ठेव. मुलगा शिट्ट्या मोजेल, त्याला ते काम आवडेल.