कारखान्यातले पहिले दिवस : भिडेपोटी न विचारलेले प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं नोकरीला लागून महिनाही न झालेल्यांची आहेत. ती आली याचं मला फार बरं वाटलं, कारण जपायचं असतं ते याच महिन्यात. टोरंटोच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ’ या संस्थेच्या अभ्यासांत असं दिसलं आहे, की वर्षाहून जास्त मुरलेल्या कामगाराच्या तुलनेत पहिल्या महिन्यातल्या कामगाराला घरी बसवणारी दुखापत होण्याचा धोका तिपटीहून अधिक असतो.

जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहे : “तिथे विचारायची भीड वाटली.” माझ्या मते नव्या माणसाला मशीनपेक्षा ही भीडच जास्त नडते. म्हणून आज जागा पुरेल तितके प्रश्न घेतो.

प्रश्न : मी पॅकिंगच्या कन्व्हेअरवर आहे. खोकं अडकलं की जुने लोक लाल बटण दाबतात, हात घालून खोकं काढतात आणि लाइन परत चालू करतात. दोन मिनिटांचं काम. मेंटेनन्सवाले मात्र त्याच मशीनला कुलूप घालून काम करतात. बटण बंद असताना कुलूप कशाला?

उत्तर : बटण मशीनला फक्त ‘थांब’ म्हणतं. वीज पॅनेलपर्यंत आलेलीच असते आणि ‘चल’ म्हणणारा दुसरा कोणीही असू शकतो. लाइनच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला तुमचा हात दिसत नाही. त्याला फक्त लाइन थांबलेली दिसते. कित्येकदा तर माणूसही लागत नाही. अडकलेल्या खोक्यामुळे सेन्सर झाकला गेला असेल आणि लाइन त्यामुळेच थांबली असेल, तर तुम्ही खोकं उचलताच सेन्सर मोकळा होतो आणि पट्टा सुरू होतो. म्हणजे मशीन चालू करणारे तुम्हीच, आणि हात आत तुमचाच.

मेंटेनन्सवाले करतात ते लॉकआउट. आधी आजूबाजूच्यांना सांगायचं, मशीन बंद करायचं, मेन आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच) खाली ओढायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, नावाचा टॅग लावायचा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तिघे जण काम करत असतील तर कुलपंही तीन. दुसऱ्याच्या कुलपावर विसंबून कोणी आत हात घालत नाही. यानंतरच्या दोन गोष्टी घाईत राहून जातात. एक म्हणजे साठून राहिलेली ऊर्जा काढून टाकणं : सिलिंडरमधली हवा, हायड्रॉलिकचं प्रेशर, ताणलेली स्प्रिंग, वर उचललेला भाग, कपॅसिटरमधला चार्ज. दुसरी म्हणजे शेवटी चालू करायचं बटण दाबून बघणं. मशीन हललं नाही, तरच ते बंद आहे असं धरायचं.

नव्या मुलांना मी पॉवर प्रेसजवळ नेतो, मोटर बंद करायला लावतो आणि सांगतो, आता कोणी बोलू नका, फक्त फ्लायव्हीलच्या जड चाकाकडे बघा. मोटरचा आवाज बंद होतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं. चाक मात्र फिरतच असतं, आवाज न करता. त्यावर खडूने एक रेघ मारलेली आहे. ती पुन्हा पुन्हा समोरून जाताना पाहिली, की ‘बंद’ आणि ‘थांबलं’ यांतला फरक मला वेगळा समजवावा लागत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, लॉकआउटचं शिक्षण मिळालेलं नसेल तर तुम्ही अडकलेलं खोकं काढायचंच नाही. लाइन थांबवा आणि ज्याला ते शिकवलेलं आहे त्याला हाक मारा. “एवढ्याशासाठी बोलावलं?” असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या.

प्रश्न : इंडक्शनमध्ये, म्हणजे रुजू होतानाच्या प्रशिक्षणात, सांगितलं की हातमोजे सक्तीचे. ड्रिलिंग मशीनवरचे मास्तर मात्र ते काढायला लावतात. ऐकायचं कुणाचं?

उत्तर : ड्रिलवर उभे असाल तेव्हा मास्तरांचं. हिशोब करून बघा. १,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १,००० फेरे या वेगाने, फिरणारं ड्रिल एका सेकंदात साधारण १७ फेरे घेतं. ‘मोजा अडकला’ हे डोक्याला कळून हात मागे घ्यायला पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात ड्रिलचे चार फेरे झालेले असतात आणि मोज्याबरोबर बोटंही गुंडाळली गेलेली असतात. उघडं बोट टेकलं तर कापेल, पण निदान सुटेल. मोजा पकडून ठेवतो.

पूर्ण बाह्यांची उघडी बटणं, गळ्यातली साखळी, अंगठी, मोकळे केस, गळ्यात अडकवलेलं ओळखपत्र, सगळ्याला हेच लागू. धातूची चिप काढायची तर मशीन थांबवून ब्रशने काढा, बोटाने नाही. पत्रा उचलताना, कडा घासलेली नसताना, गरम जॉब हाताळताना मात्र मोजे हवेतच. इंडक्शनमध्ये शिकवणाऱ्याने ‘फिरतं मशीन सोडून’ हे तीन शब्द जोडायला हवे होते. तुम्ही त्यांना हे जरूर सांगा, पुढच्या बॅचचं भलं होईल.

प्रश्न : प्रेस शॉपमध्ये पहिला आठवडा कान वाजायचे. आता सवय झाली आहे. तरी इअरप्लग घालायलाच हवेत का? त्यांचा फारसा उपयोगही होत नाही.

उत्तर : सवय झाली असं वाटतं, पण कानाला आवाजाची सवय होत नसते. आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. शिफ्टनंतर कान वाजणं, हा त्यांना मार बसल्याचा इशारा होता.

आठ तासांच्या पाळीला ८५ डेसिबल ही बऱ्याच ठिकाणी मानली जाणारी मर्यादा आहे. डेसिबलचं गणित फसवं असतं. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागत असेल, तर मर्यादा ओलांडली गेली आहे असं समजा. बहिरेपण सहसा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक आवाजांपासून सुरू होतं. त्यामुळे आधी ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे उच्चार हरवतात. माणूस म्हणतो, “ऐकू येतंय, पण कळत नाहीये.”

आता उपयोग न होण्याबद्दल. फोमचा प्लग बहुतेक जण बुचासारखा कानाच्या तोंडाशी ठेवतात. तसा तो निरुपयोगीच. स्वच्छ हातांनी तो वळून बारीक वातीसारखा करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. वात आत सरकवा आणि बोट ठेवून वीस-तीस सेकंद थांबा, ती फुगून बसेपर्यंत. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा येतो. प्लग घालायचा तो शॉपमध्ये शिरण्याआधी.

प्रश्न : शिफ्ट संपल्यावर सगळे एअर गनने कपड्यांवरची धूळ उडवतात. त्यात काही वाईट आहे का?

उत्तर : हो, आणि ते आजच थांबवा. कारखान्याच्या लाइनमध्ये साधारण ६-७ बार दाबाची हवा असते. ती जखमेतून किंवा थेट कातडीतून आत शिरू शकते, रक्तात बुडबुडा गेला तर जीव जाऊ शकतो, आणि उडालेला कण डोळ्यात जायला क्षणही लागत नाही. वर, कपड्यावरची धूळ सगळ्यांच्या फुप्फुसांत जाते ती वेगळीच. धूळ काढायला व्हॅक्यूम वापरा. गंमत म्हणूनही कुणाच्या अंगावर एअर गन धरू नका. त्या गमतीतून आतडी फाटून माणसं दगावली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे जमिनीखालच्या टाक्या साफ करायच्या असतात. आत सहकारी बेशुद्ध पडला तर मी बाहेरून काय करायचं?

उत्तर : आत उतरायचं नाही. हे लिहिताना मला कळतंय की मी फार कठीण गोष्ट मागतो आहे. रोज सोबत काम करणारा माणूस डोळ्यांसमोर पडलेला असताना काठावर उभं राहणं अंगावर येतं. पण बंदिस्त जागेतल्या अपघातांत एकामागून एक माणसं जातात ती अशीच. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली तो अपुरा समजतात आणि फारच कमी असेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. गुदमरल्याची जाणीवही होत नाही, आणि नायट्रोजनसारख्या वायूला ना वास ना रंग. रसायन नसलेली, नुसती रिकामी लोखंडी टाकीसुद्धा घात करते : बंद राहिल्यावर आतला गंज हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. धुळीचा मास्क किंवा कार्ट्रिजचा मास्क घालून उतरणंही व्यर्थ. ते हवा गाळतात, ऑक्सिजन देत नाहीत.

तेव्हा ओरडा, अलार्म द्या, बचाव पथक बोलवा, जागा सोडू नका. आतल्या माणसाने हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) घातलेला असेल आणि टाकीच्या तोंडाशी तिपाई व विंच (दोर गुंडाळून वर ओढायचं साधन) असेल, तर त्याला वरूनच ओढून काढा. आता सगळ्यात महत्त्वाचं : हे सगळं तो उतरायच्या आधी तिथे असायला हवं. लेखी परमिट, वरच्या, मधल्या आणि तळाच्या हवेची गॅस डिटेक्टरने तपासणी, सतत खेळती हवा, हार्नेस, आणि काठावर दुसरं कुठलंही काम न दिलेला एक माणूस. यातलं काही नसेल तर काम सुरू करायचं नाही. ‘भीड ही भिकेची बहीण’ म्हणतात. टाकीच्या तोंडाशी ती त्याहून वाईट आहे. तिथे नुसतं “परमिट दाखवा” इतकंच म्हणा.

प्रश्न : भट्टीजवळ काम आहे. दुसऱ्याच दिवशी चक्कर आली. बाकीच्यांना काही होत नाही, मग माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. बाकीच्यांचं शरीर उष्णतेला सरावलं आहे, तुमचं अजून नाही. लवकर आणि जास्त घाम येणं, घामातून मीठ कमी जाणं, हे बदल व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेचा सल्ला आहे, की नव्या माणसाने पहिल्या दिवशी उष्णतेतलं काम नेहमीच्या २० टक्केच करावं आणि रोज फार तर आणखी २० टक्के वाढवावं. हे सुपरवायझरला दाखवा. तहान लागायची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्या.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी झाली तर सावलीत जा, बसा, पाणी प्या. पण कुणी असंबद्ध बोलू लागलं, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. अँब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत गार पाणी, बर्फ, पंखा, जे मिळेल त्याने अंग थंड करत राहा. एकटं सोडू नका.

प्रश्न : काल वरच्या प्लॅटफॉर्मवरून एक पाना माझ्यापासून हातभर अंतरावर पडला. कुणाला लागलं नाही. ज्याच्या हातून पडला ते वयाने मोठे आहेत आणि माझ्याशी चांगले वागतात. सांगितलं तर चुगली होईल ना?

उत्तर : त्यांचं नाव न घेताही सांगता येतं, आणि तसंच सांगा. कुठे पडला, किती वाजता, किती उंचीवरून, खाली कोण होतं, प्लॅटफॉर्मच्या कडेला टो-बोर्ड (वस्तू खाली घसरू नये म्हणून लावलेली उभी पट्टी) आहे का, हत्याराला दोरी बांधायची सोय आहे का. यात माणसाबद्दल एक अक्षर नाही. पाना हातून निसटतोच, तो कुणाच्याही हातून निसटेल. विचारायचं ते हे, की निसटल्यावर तो खालपर्यंत पोचला कसा.

आधी त्या काकांशीच बोला. “काका, काल पाना माझ्याजवळ पडला, मी घाबरलो. वर टो-बोर्ड मागू या का?” बहुधा तेच तुमच्याबरोबर सुपरवायझरकडे येतील. नाही आले, तर नियर मिसचा (थोडक्यात टळलेल्या अपघाताचा) फॉर्म तुम्ही भरा, आजची पाळी संपायच्या आत. उद्या त्या प्लॅटफॉर्मखाली दुसरं कुणी उभं असेल.