संकटात विश्वास टिकतो तो धीराने की चिकाटीने?

एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे : चर्चच्या अभ्यासवर्गासाठी ‘पर्सिव्हरन्स’ या विषयावरील इंग्रजी टिपण मराठीत आणताना त्यांनी ‘चिकाटी’ हा शब्द योजला, एका ज्येष्ठ सभासदांनी तो खोडून ‘धीर’ लिहिले, तर दुसऱ्यांनी ‘सहनशीलता’ सुचवली. छळात आणि संकटात ख्रिस्तावरचा विश्वास न सोडणे, या अर्थाने यांपैकी कोणता शब्द योग्य?

माझा कौल ‘धीर’ या शब्दाला आहे. मराठी बायबलच्या वाचकाला तो परका नाही. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते, अशी साखळी आहे. याकोब आपल्या पत्रात, सर्वस्व गमावूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाच्या धीराची आठवण करून देतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात नेमून दिलेली धाव धीराने धावायला सांगितले आहे. या सर्व ठिकाणी मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ हा आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘मेनेइन’ म्हणजे राहणे. तेव्हा ओझे अंगावर असताना त्याच्याखालून निसटून न जाणे, हा त्या शब्दाचा गाभा. त्याच कुळातले क्रियापद मत्तयाच्या शुभवर्तमानात येते, तेव्हा मराठी भाषांतरकार ‘टिकून राहणे’ असे म्हणतात : जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल.

‘सहनशीलता’ हा शब्दही मराठी बायबलात आहे, पण त्याची जागा वेगळी आहे. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांत, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांत, ती येते, आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रीती सहनशील आहे असे म्हटले आहे. तिथला ग्रीक शब्द ‘माक्रोथुमिया’ असून त्यात ‘लांब’ आणि ‘मनाचा आवेग, राग’ असे दोन घटक आहेत. त्यामागे जुन्या कराराच्या इब्री भाषेतला एक मजेदार वाक्प्रचार उभा आहे. इब्रीत नाक आणि राग यांना एकच शब्द असून, ज्याला लवकर राग येत नाही तो ‘लांब नाकाचा’. ज्या भाषेत राग नाकावर असतो, त्या मराठीच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. जुन्या करारात देवासाठी हे विशेषण येते तिथे मराठी भाषांतराने ‘मंदक्रोध’ असा नेटका शब्द दिला आहे. सहनशीलता प्रामुख्याने माणसांच्या वागण्यासंबंधी असते आणि धीर प्रामुख्याने परिस्थितीसंबंधी. हा भेद प्रत्येक वचनात काटेकोर पाळलेला सापडेल असे नाही, तरी आपल्या भाषांतरकारांनी तो बऱ्याच अंशी सांभाळला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

तो पुसला गेला तर नुसते भाषेचे नुकसान होत नाही. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला ‘सहन कर, शेवटपर्यंत टिकून राहा’ असा उपदेश केला जातो, तेव्हा टिकून राहण्याचे वचन भलत्याच जागी वापरले जाते. मत्तयाच्या 10व्या अध्यायातल्या 22व्या वचनात शेवटपर्यंत टिकून राहण्याची गोष्ट आहे, आणि लगेच 23व्या वचनात, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, अशी स्पष्ट आज्ञा आहे. टिकायचे आहे ते विश्वासात. मार पडतो त्या जागी नव्हे.

‘धीर’ या शब्दातही एक अडचण आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. संस्कृतात ‘धीर’ हे विशेषण आहे, स्थिर बुद्धीचा या अर्थाचे. मराठीत त्याचे नाम झाले आणि त्याला दोन बाजू फुटल्या. ‘जरा धीर धरा’ म्हणजे थांबा, उतावीळ होऊ नका; ‘तिचा धीर झाला नाही’ म्हणजे हिंमत झाली नाही. या दुसऱ्या छटेमुळे वाचक धीर आणि धाडस यांची गल्लत करू शकतो. स्मुर्णा (आजच्या तुर्कस्तानातील इझमीर) येथील बिशप पॉलिकार्प यांच्या हौतात्म्याचा दुसऱ्या शतकातला वृत्तान्त या बाबतीत मला फार उपयोगी वाटतो. त्यात फ्रुगियाहून आलेला क्विंटस नावाचा एक जण आहे. तो स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही त्याने पुढे आणले, आणि हिंस्र पशू दिसताच गळाठून त्याने अधिकाऱ्यांच्या मागणीप्रमाणे सम्राटाच्या नावाने शपथ घेतली व रोमी दैवतांना यज्ञ केला. वृद्ध पॉलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहावरून आधी एका मळ्यात आणि नंतर दुसऱ्या मळ्यात जाऊन राहिले. शिपाई आले, तेव्हा पळण्याची संधी असूनही ते थांबले, आलेल्यांना खाऊपिऊ घातले आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. ख्रिस्ताला शिव्या दे म्हणजे सोडतो, असे सांगितल्यावर, 86 वर्षे मी त्याची सेवा केली आणि त्याने माझे काहीही वाईट केले नाही, असे त्यांचे उत्तर होते. क्विंटसाजवळ धाडस होते, धीर नव्हता. अन्यायी शासकाला पॉलिकार्प यांनी कशाने जिंकले, हे सांगताना वृत्तान्ताचा लेखकही ‘हुपोमोने’ हाच शब्द वापरतो.

आता आपली ‘चिकाटी’. हा शब्द ‘चिकट’च्या घरातला, हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहून ते तडीस नेणाऱ्याचे कौतुक त्यात आहे. कौतुकाचा धनी तो माणूस असतो, आणि इथेच अडचण येते. आपले टिपण सुधारित पंथाच्या (‘रिफॉर्म्ड’, म्हणजे कॅल्व्हिनच्या शिकवणीला मानणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या) परंपरेतले असेल, तर त्यातला शब्द पारिभाषिकही असू शकेल : 1618-19 मध्ये नेदरलंड्समधील डॉर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने विश्वासणाऱ्यांच्या टिकून राहण्याविषयी जो सिद्धान्त मांडला, त्याचे सारे श्रेय धरून ठेवणाऱ्या देवाकडे जाते. इंग्रजीत त्याला ‘पर्सिव्हरन्स ऑफ द सेंट्स’ म्हणतात, आणि इथे संत म्हणजे सारे विश्वासणारे. त्याचे ‘संतांची चिकाटी’ असे भाषांतर केले तर सिद्धान्त उलटाच होऊन बसेल. अशा ठिकाणी ‘टिकून राहणे’ हे साधे क्रियापद बरे, कारण टिकणारा आपल्या बळावर टिकला की कोणी धरून ठेवले म्हणून टिकला, हे ते सांगत नाही.

म्हणून मथळ्यात ‘विश्वासात टिकून राहणे’ आणि मजकुरात ‘धीर’ असे ठेवावे. ‘चिकाटी’ टाकून मात्र देऊ नका. टिपणात पुढे प्रार्थनेचा भाग असेल आणि लूकच्या 18व्या अध्यायातली, न्यायाधीशाला हैराण करून न्याय मिळवणारी विधवा त्यात येणार असेल, तर तिच्यासाठी मला दुसरा शब्द सुचत नाही.