एचएमआयचं सॉफ्टवेअर अपडेट करावं का? आधी सोर्स कुणाकडे आहे ते बघा

प्रश्न असा आहे: कुपवाड एमआयडीसीत हळद पॅकिंगची लाइन आहे, सीमेन्सचे जुने टच पॅनल (एचएमआय, म्हणजे ऑपरेटरची स्क्रीन) आहेत, ते प्रोग्रॅम करायच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, त्यात नवीन काय आणि अपडेट करावं का?

सोर्स प्रोजेक्ट, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, तुमच्या ताब्यात असेल तर करा. नसेल तर पॅनलला हात लावू नका. पॅनलमध्ये चालतो तो कंपाइल झालेला, म्हणजे मशीनच्या भाषेत बदललेला प्रोजेक्ट. सीमेन्सच्या प्रोसेव्ह या सॉफ्टवेअरनं घेतलेला बॅकअप (पीएसबी फाइल) त्याच मॉडेलच्या पॅनलवर परत टाकता येतो, पण तो उघडून एक बटणही हलवता येत नाही. अनेक मेंटेनन्सवाले हा बॅकअप कपाटात ठेवून निर्धास्त असतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॅच सेंट्रिफ्यूगलचा, म्हणजे बास्केट फिरवून साखर आणि मोलॅसिस वेगळं करणाऱ्या मशीनचा, पॅनल ऐन गळीत हंगामात बंद पडला. बॅकअप होता. पण ते मॉडेल बाजारातून गेलेलं आणि नवा पॅनल वेगळ्या मालिकेतला, त्यामुळे पीएसबी निरुपयोगी. विनसीसी फ्लेक्सिबल २००८ या जुन्या सॉफ्टवेअरचा मूळ प्रोजेक्ट मिळाला असता तर तो टीआयएमध्ये मायग्रेट करून काम उरकलं असतं. मशीन बनवणाऱ्यानं तो द्यायला चक्क नकार दिला. त्यांचं म्हणणं, प्रोग्रॅम आमची मालमत्ता. मग मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधून (सीमेन्सचा एस७-३०० पीएलसी) प्रोग्रॅम अपलोड करून घेतला. अशा अपलोडमध्ये सिम्बॉलची नावं आणि कॉमेंट येत नाहीत, हाती लागतात नुसते मेमरीचे पत्ते. वॉशची (साखर धुण्याची) वेळ कुठल्या डीबीच्या (डेटा ब्लॉकच्या) कुठल्या वर्डमध्ये, स्पिनची कुठे, आकडा सेकंदात की मिलिसेकंदात, हे सगळं लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम) वाचत शोधावं लागलं. हजाराच्या वर आरपीएमनं फिरणाऱ्या बास्केटवर अंदाजानं आकडे टाकून बघता येत नाहीत. प्रत्येक पत्ता रिकाम्या बास्केटवर, कमी वेगात, प्लाऊ (साखर खरवडणारं पातं) होमला, म्हणजे मूळ जागी, असल्याची खात्री करून तपासायचा. रेसिपी, म्हणजे पॅनलमध्ये साठवलेले सेटिंगचे आकडे, तर गेल्याच होत्या. वॉश थोडा जास्त झाला की साखर विरघळून मोलॅसिसमध्ये जाते, कमी झाला की रंग चढतो. ऑपरेटरच्या वहीत जुने आकडे लिहिलेले होते, त्यावर मशीन मार्गी लागलं.

तुमच्या लाइनवर बास्केट नसेल, पण फिलरची वजनं आणि सीलिंगची तापमानं पॅनलच्या रेसिपीतच असतील ना? ती आजच कागदावर उतरवा.

आता नव्या आवृत्तीबद्दल. मोठा बदल विनसीसी युनिफाइड या नव्या स्क्रीन-सॉफ्टवेअरचा आहे. स्क्रीन वेबपेजसारखी एचटीएमएल५ वर चालते, त्यामुळे सुपरवायझरला ऑफिसच्या ब्राउझरमध्येही दिसते. स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहायच्या, जुनी व्हीबीस्क्रिप्ट तिथे चालत नाही. जुन्या कम्फर्ट मालिकेचा पॅनल युनिफाइड होत नाही, हार्डवेअरच नवं घ्यावं लागतं. म्हणजे हे अपडेट नव्हे, नवी खरेदी आहे. विकणारा काहीही म्हणो. मराठी अलार्मसाठी मात्र मला हा बदल मोलाचा वाटतो. जुन्या पॅनलवर मात्रा सरकतात, जोडाक्षरं फुटतात, म्हणून लोक मराठी मजकूर चित्र करून चिकटवतात. ब्राउझरचं इंजिन देवनागरी नीट जुळवतं. तरी फॉन्ट पॅनलमध्ये आहे का, ते एक चाचणी स्क्रीन टाकून बघाच. आणि अलार्म लिहा तर ‘सीलिंग जॉ गरम होत नाही, हीटरचा फ्यूज बघा’ असा लिहा, ‘फॉल्ट १७’ असा नको.

पण अलार्मचा ढीग आवृत्ती बदलून कमी होत नाही. एका ऑपरेटरला तासाला साधारण ६ अलार्म झेपतात, १० मिनिटांत १० च्या वर गेले की तो पूर, असं आयएसए १८.२ हे अलार्मचं मानक धरतं. वीज जाऊन आली की एकदम ४० ओळी येत असतील तर त्या पीएलसीतच अटी घालून दाबा, मूळ कारण तेवढं वर राहू द्या.

जुनाच पॅनल ठेवून फक्त आवृत्ती चढवायची असेल तर आधी प्रोजेक्टची आर्काइव्ह प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, कारण नव्या आवृत्तीत सेव्ह झालेला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही. पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा ओळखक्रमांक) फोटोत घ्या. ओएस अपडेट चालू असताना वीज गेली तर पॅनल उठत नाही आणि इथरनेटवरून फॅक्टरी रिसेट करताना प्रोसेव्ह तोच पत्ता मागतं. लॅपटॉप आणि पॅनलचा २४ व्होल्ट सप्लाय, दोन्ही यूपीएसवर घ्या. पॅनलमध्ये लायसन्स असेल तर ओएस बदलण्याआधी बाहेर काढा. शेवटी डाउनलोडच्या खिडकीत रेसिपी आणि युजर डेटा ओव्हरराइट करण्याची खूण असते, ती काढा. ती राहिली की मशीन बसवलं त्या दिवसाचे आकडे परत येतात आणि कुणाला कळतही नाही.

सोबत पीएलसीही बदलणार असाल तर एक अडचण हमखास येते. टीआयए व्ही१७ पासून नव्या फर्मवेअरच्या एस७-१२०० आणि १५०० पीएलसीमध्ये ‘फक्त सुरक्षित संवाद’ ही सेटिंग मुळातच चालू असते. जुना पॅनल मग जोडलाच जात नाही आणि लोक केबल बदलत बसतात.

लाइनवर ओपीसी डीए (मशीनचा डेटा पीसीवर आणायची जुनी पद्धत) वापरणारा जुना स्काडा, म्हणजे देखरेखीचा पीसी असेल तर त्याचा प्रश्न वेगळा. मायक्रोसॉफ्टनं डीकॉमचं (ओपीसी डीए ज्यावर चालतं त्या विंडोजच्या भागाचं) कडक संरक्षण १४ मार्च २०२३ च्या अपडेटपासून बंद करता येणार नाही असं केलं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तिथे ओपीसी यूएकडे, म्हणजे नव्या सुरक्षित पद्धतीकडे, जावंच लागेल. जाताना पॅनलचं घड्याळ बरोबर ठेवा. बॅटरी संपून तारीख मागे गेली की सुरक्षिततेचं सर्टिफिकेट नाकारलं जातं. घरून स्क्रीन बघण्यासाठी राउटरवर व्हीएनसीचा ५९०० पोर्ट उघडा ठेवू नका, व्हीपीएन लावा.

सोर्स नसेल तर आजच मागा, लेखी. नव्या मशीनच्या पर्चेस ऑर्डरमध्येच लिहा: एचएमआयचा सोर्स, सगळे पासवर्ड, आवृत्तीचा नेमका क्रमांक आणि टॅगची (पीएलसीतल्या पत्त्यांच्या नावांची) यादी दिल्याशिवाय शेवटचे १० टक्के पैसे मिळणार नाहीत. पीएलसीतला एखादा खास ब्लॉक उत्पादकानं कुलूपबंद ठेवला तर ते मला मान्य आहे, त्यात त्याची मेहनत असते. स्क्रीनचा सोर्स अडवून ठेवायला मात्र मला एकही कारण पटत नाही. पैसे मोजले ते मशीन चालवायला, दरवेळी त्याच्या माणसाची वाट बघायला नव्हे.

मशीन वॉरंटीत असेल तर स्वतः डाउनलोड करू नका, उत्पादकाची लेखी परवानगी घ्या. आणि हळदीचा माल जोरात असताना हे काम काढू नका.