नवी इमारत गल्लीला साजेल का?

प्रश्न : ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सात मीटरच्या गल्लीत बहुतेक इमारती तळमजला अधिक दोन मजल्यांच्या आहेत. शेजारी पुनर्विकासात तीन मजली पोडियम पार्किंग (इमारतीच्या तळाशी फक्त गाड्यांसाठीचे मजले) आणि त्यावर चौदा मजले येताहेत. हे गल्लीला साजेल की नाही, ते आवड-निवड बाजूला ठेवून ठरवता येतं का?

उत्तर : येतं. रंग आणि काचा तूर्त विसरा. प्रत्येक मजला तीन मीटर धरला, तर सतरा मजल्यांची उंची ५१ मीटर होते, म्हणजे गल्लीच्या रुंदीच्या सातपटीहून जास्त. तुमच्या जुन्या इमारतींत हे प्रमाण दीडपटीच्या आत आहे. सावलीचा हिशेब मे महिन्यात करू नका, तेव्हा ठाण्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो. २१ डिसेंबरला मध्यान्ही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. दहा मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेकडे नऊ मीटर पडते, ५१ मीटरची ४७ मीटर. उत्तरेला कुणाच्या गच्च्या, कुणाच्या गॅलऱ्या येतात, ते नकाशावर आखून बघा.

तरी आमच्या मते उंचीपेक्षा पोडियम जास्त घात करतो. आज खालच्या मजल्यांवर खिडक्या, गॅलऱ्या, दुकानं आहेत, रस्त्यावर कुणाचं तरी लक्ष असतं. तिथे तीन मजले नुसत्या जाळ्या आल्या की संध्याकाळी तो पट्टा ओसाड होतो. पार्किंगच्या पुढ्यात दहा-बारा फूट खोलीची दुकानं काढा, असा आग्रह आराखडा मंजुरीला जाण्याआधीच धरा. नंतर खांबांची जागा बदलत नाही.

जोत्याची, म्हणजे रस्त्यापासून तळमजल्याच्या जमिनीची, उंचीही तपासा. नवं आवार भरणी करून उचललं आणि पाण्याचा निचरा आतल्या आत केला नाही, तर पावसाचं पाणी जुन्या तळमजल्यांत शिरतं. गाड्यांचा उतार आवारातच संपला पाहिजे, गटारावर येता कामा नये.

आणि कागदावरची रुंदी. रस्ता जितका रुंद, तितका टीडीआर (दुसरीकडून विकत आणून वापरायचा वाढीव बांधकामाचा हक्क) जास्त, म्हणून विकास आराखड्यातली प्रस्तावित रुंदी धरली आहे का, ते विचारा. रुंदीकरणाची पट्टी फक्त त्या भूखंडासमोर सुटते. पुढे-मागे गल्ली तितकीच अरुंद राहते आणि नेमकी तिथे कोंडी होते.

प्रश्न : पालिकेकडे द्यायच्या हरकतीत काय लिहावं?

उत्तर : 'गल्लीचं रूप बिघडेल' एवढ्यावर काही होत नाही, कारण परवानगी नियमावलीतल्या मापांवर तपासली जाते. नकाशा क्रमांक, त्यावरचं सामासिक अंतर (इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यामधली मोकळी जागा) आणि जागेवर मोजलेलं अंतर शेजारी शेजारी लिहा. प्रकल्प महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणात) नोंदलेला असेल तर मंजूर नकाशे संकेतस्थळावर पाहा. नसेल तर पालिकेच्या शहर विकास विभागाकडे दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवस असते.

झाडांना मात्र एवढा वेळ नसतो. तोडीची नोटीस झाडावर लागल्यापासून हरकतीला सातच दिवस मिळतात. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं वा अधिक वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं, तेव्हा तिथे जुनं झाड असेल, तर वयाचा अंदाज यावा म्हणून खोडाभोवती टेप धरून आजच फोटो काढून ठेवा.