तुरुंगात दाढी ठेवता येते का?

प्रश्न : धाकटा भाऊ कच्चा कैदी आहे. तो धर्मानुसार दाढी ठेवतो. ती काढावी लागेल, असं तुरुंगात तोंडी सांगितलंय. काय करावं? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : तुरुंगात गेल्यानं मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात सांगितलंय. मात्र धर्मस्वातंत्र्य देणारं राज्यघटनेचं कलम २५ सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन आहे. म्हणून आधी लेखी कारण मागा. तोंडी विनंतीत नकाराचा कागदच हाती येत नाही, आणि पुढं सगळं तिथंच अडतं.

भावानं अधीक्षकांना अर्ज द्यावा. दाढी धार्मिक कारणासाठी आहे हे पहिल्याच ओळीत यावं, नाहीतर अर्ज हौसेचा समजला जातो. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. हरकत बहुधा ओळख आणि झडतीची असते. अमेरिकेतल्या होल्ट खटल्यात (२०१५) अर्धा इंच दाढीबाबत न्यायालयानं तोडगा सुचवला : दाढीसह आणि दाढीविना असे दोन फोटो, झडतीला कैद्यानं स्वतः दाढीतून कंगवा फिरवायचा. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण अर्जात हा तोडगा जरूर लिहा.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. तरीही नकारच आला, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली याचिका करता येते.